चौघं जुनेच, मग नाव नवं का? हेवन अँड हेलची गोष्ट

सुट्टीत भाचा आला होता. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये २००७ साली झालेल्या एका मैफलीचं चित्रीकरण माझ्या फोनवर बघता बघता त्याने विचारलं, "मामा, गिटारवर टोनी आयोमी, बेसवर गीझर बटलर. हे तर ब्लॅक सॅबथ बँडचे ना? मग वर 'हेवन अँड हेल' असं का लिहिलंय?"

प्रश्न एका ओळीचा होता, पण उत्तर संपेपर्यंत जेवणाची वेळ झाली. त्यात १९७९ साली काढून टाकलेला एक गायक येतो, दोन फाटाफुटी येतात, नावाची मालकी कोणाकडे हा कोर्टात गेलेला वाद येतो, आणि गायक बदलला की गाण्याची अख्खी बांधणी कशी बदलते हेही येतं. मला विचाराल तर हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बाकीची भांडणं मिटली किंवा विरली, गाणी मात्र राहिली. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लावून सांगतो.

आधी ओळख. हेवन अँड हेल हा हेवी मेटल, म्हणजे जड गिटारवर उभ्या रॉक संगीताचा बँड २००६ मध्ये जुळला आणि २०१० मध्ये संपला. गायक रॉनी जेम्स डिओ, गिटारवर टोनी आयोमी, बेसवर गीझर बटलर, ड्रम्सवर व्हिनी अ‍ॅपिसी. चार वर्षांत नव्या गाण्यांचा एकच अल्बम. अशा बँडला सुपरग्रुप म्हणतात, म्हणजे आधीच आपापल्या जागी नाव कमावलेल्या कलावंतांनी एकत्र येऊन उभा केलेला बँड. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या गप्पा रंगल्या की १९२१ च्या संयुक्त 'मानापमाना'चा विषय निघतोच. एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेले बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच रंगमंचावर उभे राहिले होते. कल्पना तीच.

इथे गुंता एवढाच की हे चौघं पूर्वी एकत्र होतेच, आणि तेही ब्लॅक सॅबथ याच नावाखाली. म्हणून 'हा कसला सुपरग्रुप, ही तर जुनीच मंडळी' असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. २००६ पर्यंत डिओचा स्वतःच्या नावाचा बँड वीस वर्षांहून जुना झाला होता. आयोमी आणि बटलर पहिला गायक ओझी ऑझबर्न याच्याबरोबर मूळ ब्लॅक सॅबथ म्हणून पुन्हा दौरे करत होते. चौघांचे संसार वेगळे झाले होते, आणि हे कशासाठी करायचं हे चौघांनी नव्याने ठरवलं. माझ्या मते हा नवाच बँड होता, आणि तसं का म्हणतो ते पुढे येईल.

आता मागे जाऊ. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातला अ‍ॅस्टन हा कारखान्यांचा भाग. तिथे १९६८ मध्ये आयोमी, बटलर, ओझी आणि ड्रमर बिल वॉर्ड एकत्र आले, तोच पुढे ब्लॅक सॅबथ झाला. त्याच्या काही वर्षं आधी, सतरा वर्षांचा आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी त्याचा उजवा हात यंत्रात सापडला आणि मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा तो उजव्या हाताच्या बोटांनीच दाबायचा. गेली ती नेमकी तीच बोटं.

त्याने काय केलं, तर भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना बसतील अशा टोप्या केल्या, घासूनपुसून त्यांना आकार दिला आणि तारेवर पकड यावी म्हणून वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबताना दुखायचं, म्हणून हलक्या, पातळ तारा लावल्या. पुढे १९७१ च्या सुमारास काही गाण्यांसाठी तारा दीड स्वराने खाली उतरवल्या. तारा सैल झाल्या, बोटांना सोपं गेलं, आणि आवाज असा जड, खोल झाला की त्याआधी कोणी तसा ऐकला नव्हता. हेवी मेटलमधला तो 'हेवी'पणा बराचसा या दोन बोटांच्या दुखण्यातून आला आहे. मला दर वेळी याचं नवल वाटतं.

त्यांच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं बँडच्याच नावाचं आहे. त्याचा मुख्य तुकडा पेटीवर वाजवून बघा: खालचा सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. संथ लयीत, तेवढंच, पुन्हा पुन्हा. यमनमध्ये ज्या तीव्र मध्यमाने मन निवतं, तोच इथे पंचमाचा आधार न घेता नुसता लोंबकळत ठेवला की अंगावर काटा येतो. युरोपात या स्वरांतराला फार पूर्वीपासून अशुभाचा वास आहे, आणि फेब्रुवारी १९७० मध्ये आलेल्या त्या अल्बमने तो पुरेपूर वापरला.

असे गिटारवर फिरून फिरून येणारे छोटे, ठसठशीत तुकडे म्हणजे रिफ. तबल्याच्या सोलोला पेटीवर लेहरा धरतात, तो एकच तुकडा आवर्तनामागून आवर्तन वाजत राहतो, तसंच काहीसं. फरक असा की तबलावादनात लेहरा साथीला असतो, ब्लॅक सॅबथमध्ये लेहराच गादीवर बसतो. आधी आयोमीचा रिफ जन्मतो, बाकी सगळं त्याच्याभोवती उभं राहतं.

ओझी त्या रिफच्या अंगाने गायचा. 'आयर्न मॅन' ऐका: गिटार जिथे वर जाते तिथे ओझी वर, गिटार खाली आली की तोही खाली. दोघं एकच ओळ बोलतात. त्यात एक भाबडी, मंत्रासारखी ताकद आहे आणि लोकांनी तिच्यावर जीव ओवाळून टाकला.

एप्रिल १९७९ मध्ये ओझीला बँडमधून काढलं. दारू आणि अमली पदार्थ सगळ्यांच्याच मानगुटीवर बसले होते, पण ओझीकडून काम होईनासंच झालं होतं. त्याच्या जागी आला रॉनी जेम्स डिओ. अमेरिकेतल्या कॉर्टलंड या लहान गावात इटालियन कुटुंबात वाढलेला, अंगकाठीने लहानखुरा, मूळ आडनाव पादावोना. आयोमीला भेटला तेव्हा तो सदतिशीत होता आणि गिटारवादक रिची ब्लॅकमोरच्या रेनबो बँडमध्ये नाव कमावून आला होता. गाणं तो कोणाकडे शिकला नव्हता. लहानपणी वडिलांनी ट्रम्पेट वाजवायला लावलं, त्या फुंकीतून दमसास आला असं तो सांगायचा. त्याचा आवाज ऐकताना ते कळतंही. लांब स्वर तो पोटातून ढकलतो आणि शेवटपर्यंत तो थरथरत नाही.

डिओ आणि आयोमी यांनी मिळून बांधलेलं पहिलं गाणं 'चिल्ड्रन ऑफ द सी'. इथे सगळं बदलतं. डिओ रिफच्या मागे जात नाही. रिफ आपल्या वाटेने जातो, डिओची चाल त्याच्यावरून आडवी, स्वतंत्र फिरते, आणि दोन्ही समेवर भेटतात. आयोमीनेही हा फरक बोलून दाखवला आहे: ओझी रिफबरोबर गायचा, डिओ रिफच्या आरपार गायचा. त्यामुळे गिटारलाही वेगळं वागता आलं. जिथे पूर्वी रिफ एकाच स्वराच्या रांगेने जायचा तिथे आता स्वरसंघांची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची (कॉर्ड्सची) मालिका आली, वर गायकाला फिरायला मोकळं आभाळ मिळालं. 'हेवन अँड हेल' या गाण्याच्या कडव्यात तर गिटार जवळजवळ गप्प बसते. बेस आणि ड्रम्स तेवढे धडधडत राहतात आणि त्या मोकळ्या जागेत डिओ एखादा कीर्तनकार आख्यान लावतो तसा गोष्ट सांगत जातो. ओझीसाठी शब्द बहुतेक वेळा बटलर लिहायचा, डिओ आपले शब्द आपणच लिहायचा. हाही लहान बदल नव्हे.

याच नावाचा अल्बम एप्रिल १९८० मध्ये आला आणि संपत आलेला बँड उठून उभा राहिला. ब्रिटनमध्ये तो विक्रीच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेला. दौऱ्याच्या मध्यावर बिल वॉर्ड निघून गेला. दारू, घरातली दुःखं आणि ओझीची उणीव हे सगळं त्याला झेपेना. त्याच्या जागी व्हिनी अ‍ॅपिसी आला. होनोलुलूच्या अलोहा स्टेडियममध्ये त्याने पहिला कार्यक्रम केला तो गाण्यांच्या टिपणांची वही शेजारी ठेवून, कारण तालमीला जेमतेम काही दिवस मिळाले होते. इथे आपले चौघं पूर्ण झाले.

आणि डिओचा तो हात. तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली दोन बोटं अंगठ्याखाली दाबलेली. आज जगभर मेटलच्या कार्यक्रमात हजारो हात ही खूण करतात आणि पुष्कळांना वाटतं की ही सैतानाची शिंगं. डिओने सांगितलेली हकीगत वेगळी आहे. ओझी रंगमंचावर दोन्ही हातांनी शांततेची खूण करायचा. आपण त्याची नक्कल कशाला करायची, या विचाराने डिओने आपल्या इटालियन आजीची खूण उचलली. रस्त्याने जाताना कोणाची नजर लागेल असं वाटलं की आजी बोटं अशी धरायची. म्हणजे आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात, त्याच जातीची गोष्ट. ही खूण आपणच शोधली असं डिओ कधी म्हणाला नाही, पण मेटलच्या घरात ती रुजली ती त्याच्यामुळे.

१९८१ मध्ये 'मॉब रूल्स' हा डिओबरोबरचा दुसरा अल्बम आला. मग थेट कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणाचा 'लाइव्ह ईव्हिल'. त्याच्या मिश्रणाच्या वेळी, म्हणजे कुठला आवाज किती ठेवायचा हे ठरवताना, ठिणगी पडली. डिओ आणि अ‍ॅपिसी आमच्या मागे स्टुडिओत येऊन गाणं आणि ड्रम्स वर करून जातात, असा आयोमी-बटलर यांचा समज झाला. डिओने हे कायम नाकारलं. खरं काय ते असो, नोव्हेंबर १९८२ पर्यंत दोघंही बाहेर पडले होते. राग किती होता ते त्या अल्बमच्या वेष्टनावर दिसतं: गायकाचं नाव 'रॉनी डिओ' एवढंच छापलंय, मधला जेम्स गायब, आणि अ‍ॅपिसीचं नाव थेट आभारांच्या यादीत. माणसं भांडली की श्रेयनामावलीत कशी उमटतात याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

दहा वर्षांनी चौघं पुन्हा जमले, १९९२ मध्ये 'डीह्युमनायझर' केला आणि पुन्हा फुटले. या वेळचं कारण मला जास्त समजतं. ओझी निवृत्ती जाहीर करून शेवटचे कार्यक्रम करत होता, कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे, नोव्हेंबर १९९२ मध्ये. त्यात ब्लॅक सॅबथने त्याच्या आधी वाजवावं असं ठरलं. डिओने साफ नकार दिला. ज्याच्या जागी मी उभा आहे त्याच्याच कार्यक्रमाची सुरुवात करून देणं मला जमणार नाही, अशी त्याची भूमिका. त्या दोन रात्री जुडास प्रीस्ट या बँडचा गायक रॉब हॅलफर्ड डिओच्या जागी गायला, आणि दुसऱ्या रात्री मूळ चौघं ओझीसकट काही गाण्यांपुरते एकत्र वाजले. ओझीची निवृत्ती टिकली नाही. डिओचा रामराम मात्र खरा ठरला.

आता भाच्याच्या मूळ प्रश्नाकडे. २००६ मध्ये ऱ्हायनो या रेकॉर्ड कंपनीला डिओच्या काळातल्या सॅबथच्या गाण्यांचं संकलन काढायचं होतं. त्यात काही अप्रकाशित घालता येईल का, अशी विचारणा झाली. शिल्लक असं काहीच नव्हतं. मग आयोमी आणि डिओ इंग्लंडमध्ये बसले आणि तीन नवी गाणी बांधली. काम इतकं सहज झालं की दौरा करू या असं ठरलं. ड्रम्सवर आधी बिल वॉर्डचं नाव जाहीर झालं होतं, त्याने माघार घेतली आणि अ‍ॅपिसी आला.

नाव काय द्यायचं? ब्लॅक सॅबथ म्हटलं असतं तर अडचणी दोन होत्या. पहिली व्यवहाराची. १९९७ पासून ओझीसह मूळ बँड पुन्हा चालू होता, आणि मार्च २००६ मध्ये त्याच मूळ चौघांचा अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला होता. त्यात डिओचं नाव नव्हतं. लोकांच्या मनात ब्लॅक सॅबथ म्हणजे ओझी हे पक्कं बसलं होतं. एकाच पाटीखाली दोन दुकानं कशी चालवणार? शिवाय पाटीची मालकी हाच नाजूक विषय होता. ऐंशीच्या दशकात माणसं येत-जात राहिली, सगळा वेळ टिकला तो एकटा आयोमी, आणि नाव त्याच्याकडे राहिलं. हेवन अँड हेलचा अल्बम बाजारात येऊन महिना झाला होता, तेव्हा मे २००९ मध्ये ओझीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात आयोमीविरुद्ध दावा लावला: नावात माझाही हिस्सा आहे. २०१० मध्ये दोघांनी ते आपसात मिटवलं.

दुसरी अडचण गाण्यांची, आणि माझ्या मते खरं कारण इथे आहे. १९८० ते ८२ आणि ९२ च्या दौऱ्यांत डिओला दर रात्री 'पॅरानॉइड', 'आयर्न मॅन', 'वॉर पिग्ज' गावी लागायची. तिकीट ब्लॅक सॅबथचं काढलंय, मग ती गाणी हवीतच. 'लाइव्ह ईव्हिल'वर ती ऐकायला मिळतात. डिओ ती उत्तम आवाजात गातो, तरी कपडे दुसऱ्याच्या मापाचे आहेत हे लपत नाही. जी चाल रिफच्या अंगानेच जायला बांधली आहे, तिथे आडवं जाणाऱ्या गायकाने करायचं काय? १९८० च्या त्या अल्बमवरून 'हेवन अँड हेल' हे नवं नाव घेतल्यावर ही सक्तीच गेली. आयोमीने तेव्हा हेच स्पष्ट केलं होतं: नाव वेगळं आहे म्हणजे काय ऐकायला मिळणार हे लोकांना आधीच कळेल, जुन्या काळातली गाणी आम्ही वाजवणार नाही.

आणि त्यांनी ती वाजवली नाहीत. मार्च २००७ मध्ये कॅनडातल्या व्हॅंकूव्हरला दौरा सुरू झाला. पूर्ण कार्यक्रम, आणि एकही ओझीचं गाणं नाही. भाचा बघत होता ती रेडिओ सिटीची मैफल त्याच महिन्यातली. डिओ तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता. 'हेवन अँड हेल' गाण्यात एक जागा येते, जिथे बँड थांबतो आणि सभागृह मुख्य रिफ तोंडाने गायला लागतं. शब्द नाहीत, नुसता आकार-ओकार. डिओ त्यांच्याकडे बघत उभा असतो, दोन्ही हात वर, बोटांची आजीची खूण. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून भांडून गेला त्यांच्याच मध्ये तो उभा आहे आणि इथे कोणीही दुसऱ्या गायकाचं नाव घेत नाहीये. हा नवा बँड होता असं मी म्हणतो ते यासाठी.

२००८ मध्ये जुडास प्रीस्ट, मोटरहेड आणि टेस्टामेंट या बँड्सबरोबर अमेरिकेचा दौरा झाला. मग वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत 'द डेव्हिल यू नो' ध्वनिमुद्रित झाला आणि एप्रिल २००९ मध्ये बाहेर आला. अमेरिकेच्या बिलबोर्ड या विक्रीच्या यादीत तो थेट आठव्या क्रमांकावर दाखल झाला. साठीच्या घरातल्या माणसांचा, नव्या नावाचा, तडजोड न केलेला मेटल अल्बम. तो संथ आहे, जड आहे, पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही. सुरुवात 'बायबल ब्लॅक'पासून करा. आधी नुसती हलकी गिटार आणि डिओचा जवळून बोलल्यासारखा आवाज, आणि मग तो रिफ अंगावर येतो. आयोमी आणि डिओ यांना एकमेकांचं काय आवडायचं ते या एका गाण्यात ऐकू येतं.

त्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात त्यांनी वाजवलं, त्याचंही चित्रीकरण आहे. दौऱ्यात डिओचं पोट दुखायचं. अपचन असेल म्हणून तो औषधाच्या गोळ्या घेत राहिला. ऑगस्ट २००९ च्या अखेरीस अटलांटिक सिटीत कार्यक्रम झाला, तो त्याचा शेवटचा. नोव्हेंबरमध्ये पत्नी वेंडीने जाहीर केलं की त्याला पोटाचा कर्करोग आहे. ह्यूस्टनला उपचार सुरू झाले. २०१० च्या उन्हाळ्यातल्या दौऱ्याच्या तारखा ठरल्या होत्या, त्या मे महिन्याच्या सुरुवातीला रद्द झाल्या. १६ मे २०१० रोजी डिओ गेला. वय ६७.

बँडने दुसरा गायक घेतला नाही. त्या वर्षी २४ जुलैला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये हाय व्होल्टेज महोत्सवात तिघांनी त्याच्या आठवणीत एकच कार्यक्रम केला. गायला इंग्लंडचा ग्लेन ह्यूज आणि नॉर्वेचा योर्न लांडे असे दोघं होते, वाटून वाटून. शेवटच्या 'निऑन नाइट्स'ला पँटेरा बँडचा गायक फिल अ‍ॅन्सेल्मोही आला. त्यानंतर हेवन अँड हेल हे नाव त्यांनी पुन्हा वापरलं नाही.

आयोमी आणि बटलर ओझीकडे परतले. ब्लॅक सॅबथचा शेवटचा दौरा फेब्रुवारी २०१७ मध्ये बर्मिंगहॅमला संपला. जुलै २०२५ मध्ये अ‍ॅस्टनच्या व्हिला पार्क मैदानावर मूळ चौघांनी चार गाणी वाजवली आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ओझीही गेला. त्या दोन्ही रात्री डिओच्या काळातलं एकही गाणं झालं नाही.